उटण्याची कुळकथा

नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगात तेल जिरवून झाल्यावर, वाटीत कालवलेले जे सुगंधी व किंचित खरखरीत उटणे आपण पाटावर बसून लावून घेतो, त्याचे गोत्र धुंडाळू लागले की प्रथम गाठ पडते ती तेलाशी. आणि अंगावर उरलेले तेल सोडवण्याच्या निकडीतूनच हे चूर्ण जन्मास आले, अंग घासण्याचे काम त्याच्याकडे मागाहून आले, असे माझे ठाम मत आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्याध्यायात घालून दिलेला क्रम हाच या मताचा सबळ दाखला होय: आधी अभ्यंग, मग व्यायाम, त्यामागून उद्वर्तन आणि अखेरीस स्नान. उद्वर्तनाने कफ हरतो, मेद विरतो, अवयवांना स्थैर्य येते व त्वचा निर्मळ होते, असे तो सांगतो; आणि हेच उद्वर्तन प्राकृताच्या मुखातून मराठीत उतरता उतरता उटणे झाले.

सुश्रुताची नजर याहूनही बारीक. चिकित्सास्थानात तो उत्सादन आणि उद्घर्षण यांचे गुण निरनिराळे सांगतो: उत्सादनाने विशेषतः स्त्रियांची काया कांतिमान होते, तर विटेने केलेल्या उद्घर्षणाने कंडू व अंगावर उठणाऱ्या गांधी शमतात. टीकाकारांनी हा भेद आणखी उलगडून दाखविला, तो असा की स्नेहयुक्त कल्काने चोळणे ते उत्सादन आणि कोरड्या चूर्णाने घासणे ते उद्घर्षण. पुढे अमरकोशाने उद्वर्तन आणि उत्सादन यांना एकाच अर्थाचे ठरविले व वैद्यांनी राखलेली ही सीमारेषा लोकव्यवहारात पुसट झाली. तरीही टाच घासण्याची वज्री आणि अंगाला लावायचे उटणे या दोन जिनसा आपल्या न्हाणीघरात अद्यापि वेगळ्या नांदतात, त्यात मला त्या जुन्या विवेकाचाच अंश दिसतो. वात्स्यायनाच्या नागरकाला, म्हणजे रसिक नगरवासीयाला, तर स्नान रोजचे, उत्सादन एक दिवसाआड आणि फेस येणारा फेनक तिसऱ्या दिवशी, असा नेमच घालून दिलेला आहे. म्हणजे फेसाचे द्रव्य ठाऊक असूनही त्या काळी उत्सादनाचा मान ढळला नव्हता.

मात्र एवढ्यावरून आजच्या उटण्याच्या पुडीला येणाऱ्या वासाचा उलगडा होत नाही. तो वास आला गांधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याच्या घराण्यातून. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीचे एक प्रकरणच घातले असून, सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून व त्यांची प्रमाणे पालटून 1,74,720 गंध सिद्ध होतात, असे गणित त्यात मांडले आहे. त्या सोळांची नावे वाचताना मन हरखून जाते. कारण नागरमोथा, कचोरा, वाळा, दवणा, चंदन, कापूर ही मंडळी तेथे ओळीने भेटतात, आणि दिवाळीच्या आधी काष्ठौषधीवाल्याच्या दुकानी जी यादी घेऊन आपण जातो तीत यांतली निम्मीशिम्मी नावे आजही जशीच्या तशी असतात. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त स्नान हा राजाच्या उपभोगांपैकी एक गणला आहे, अकबराच्या खुशबूखान्यातील कृती नोंदवताना अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त उबटनालाही जागा दिली आहे, आणि भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी उजेडात आणलेल्या ‘गंधवाद’ या ग्रंथावर तर मराठी टीका आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण ही विद्या मराठी बोलणाऱ्या कारागिरांच्या हाताखालून गेल्याचा तो लेखी पुरावा आहे.

तिसरा वारसा स्वयंपाकघराचा. मसुरीचे वा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ तेलकट अंगावर चोळले की ते तेल शोषून घेते, हाताखाली त्याच्या बारीक वळ्या होतात आणि त्या वळ्यांबरोबर मळ सुटून येतो. पार्वतीने अंगाच्या मळापासून गणपती घडविल्याची पुराणकथा आपल्याकडच्या आयाबाया उटण्याच्या मळाची म्हणूनच सांगतात, आणि अशा वळ्या ज्याने तळहाताखाली पाहिल्या असतील त्याला त्या मळाची मूर्ती वळता येईल याचे नवल वाटणार नाही.

1888 साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या आणि उटण्याच्या अमदानीला ओहोटी लागली. साबणातील चरबीमुळे सोवळ्या घरांनी काही काळ त्याला दारात उभे केले नाही. परंतु 1918 साली गोदरेजांनी वनस्पतिजन्य तेलाचा साबण काढल्यावर ती हरकतही उरली नाही. तेल सोडवण्याचे मूळ काम साबणाने हाती घेतले व उटण्याकडे सणाचा सुगंध तेवढा राहिला; म्हणूनच तेलाचे बोटही न लावता नुसते उटणे अंगाला फासण्याची हल्लीची रीत मला अपुरी वाटते, कारण तीत कोरडी त्वचा आणखी कोरडी होते.

घरी करायचे झाल्यास मसुरीचे पीठ निम्म्याहून अधिक घ्यावे आणि उरलेल्या भागात आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, सावलीत वाळवलेली संत्र्याची साल व गुलाबाच्या पाकळ्या बसवाव्यात. नागरमोथ्याची गाठ वरून काळी, केसाळ आणि दगडासारखी टणक असते. ती अगोदर खलबत्त्यात फोडावी, म्हणजे आतला फिकट गर दिसतो आणि ओल्या मातीसारखा गंध सुटतो. वाळ्याचे तंतू कितीही कुटले तरी चाळणीवर उरतात. ते टाकून न देता पाण्याच्या घंगाळात सोडावेत. बाकीचे सारे वस्त्रगाळ करावे, कारण जाड कण अंगावर ओरखडे काढतात. तेल लावलेल्या अंगाला हे चूर्ण साध्या पाण्यात कालवावे, तेलाविना लावायचे असल्यास सायीत. आणि कालवायचे ते ऐनवेळी व लागेल तेवढेच, कारण भिजवलेले पीठ आंबते. कोरडे उटणेही अखेर पीठच असल्यामुळे पावसाळ्यात त्याला जाळी धरते, तेव्हा दिवाळीचे उरलेले उटणे वर्षभर राखून न ठेवता उन्हाळ्याच्या आतच वापरून संपवावे.