औषधासाठी परमुलूख



औषधोपचारासाठी परदेशी जावे की जाऊ नये, हा प्रश्न बीड जिल्ह्यात विचारावयाचा म्हटला तर परदेश कशाला म्हणावयाचे ते आधी ठरवावे लागते. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आष्टीच्या माणसाला अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, जवळ आणि हैदराबाद फार दूर. परंतु हैदराबाद ही आपली राजधानी आणि नगर हा इंग्रजी मुलूख. मध्ये करोडगिरीचे नाके. अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार. मिरजेस डॉ. विल्यम वान्लेस यांनी काढलेल्या मिशन इस्पितळाची कीर्ती केवढी मोठी होती! पण तेथे जावयाचे म्हणजेही राज्य ओलांडणे आलेच. तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांना बोटीत पाऊल न ठेवताही हा प्रश्न पडतच असे.

अशा वेळी घरात बसून विचार होतो तो बहुधा पैशाचा, सोबतीला कोण जाईल याचा, आणि रोग्याला प्रवास झेपेल की नाही याचा. एक गोष्ट मात्र राहून जाते. जेथे जावयाचे तेथे या रोगावर औषध आहे काय? चांगला डॉक्टर असणे निराळे आणि औषध असणे निराळे. या दोहोंतील अंतर किती असू शकते ते पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १८८७ साली प्रथम युरोपास गेले ते प्रकृतीसाठी. निद्रानाशाने ते हैराण झाले होते आणि डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता. त्या काळी समुद्रपर्यटन म्हणजे धर्माची अडचण. राजाला पुढे सरकारचीही अडचण झाली. १९०० साली लॉर्ड कर्झन यांनी परिपत्रक काढून संस्थानिकांच्या परदेशगमनावर परवानगीचा लगाम घातला. आपल्या प्रकृतीला कोणती हवा मानवते हे ठरविणेदेखील राजाच्या हाती राहिले नाही! असो. महाराजांना पैशाची ददात नव्हती. आपला खरा विषय तेथे नाही.

तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षात आहे. गोखल्यांना मधुमेह जडला होता. १९१२ साली नेमलेल्या सरकारी नोकऱ्यांविषयीच्या रॉयल कमिशनचे ते सभासद होते, भारत सेवक समाजाचा भार होताच, आणि त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत हिंडून आले होते. विश्रांती हे औषध त्यांना हिंदुस्थानातही मिळाले असते. पण ते त्यांनी कोठेच घेतले नाही. १९१४ च्या उन्हाळ्यात ते फ्रान्समधील व्हिशी या गावी उपचारासाठी गेले. व्हिशीला उष्ण पाण्याचे झरे आहेत. पाणी क्षारयुक्त. मधुमेहात रक्तात आम्ल वाढते, ते या क्षाराने मारावे, अशी त्या वेळची समजूत. बेताचा आहार, फेरफटका, झोप आणि मोजून पेले पाणी. रोग्याला थोडे बरे वाटे, ते आहाराने की पाण्याने, हे सांगणे कठीण.

आता ध्यानात घ्या. कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले की त्याला मधुमेह होतो, हे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी १८८९ सालीच दाखविले होते. म्हणजे पंचवीस वर्षे युरोपास रोगाचे घर ठाऊक होते, पण किल्ली सापडलेली नव्हती. गोखले गेले ते त्या काळच्या उत्तमोत्तम वैद्यकाकडे, आणि त्या वैद्यकापाशी देण्यासारखे काही नव्हते. यात त्यांचा दोष कोणता? पुण्यात राहूनही निराळे काही मिळाले नसते. फरक एवढाच, की पुण्यात ते आपल्या माणसांत असते.

कारण ऑगस्टात महायुद्ध पेटले. ४ तारखेस इंग्लंड युद्धात उतरले, आणि ६ तारखेस गांधीजी गोखल्यांना भेटण्याच्या ओढीने दक्षिण आफ्रिकेहून लंडनला पोहोचले. पाहतात तो गोखले पॅरिसमध्ये अडकलेले; दळणवळण बंद. परदेशी उपचाराचा हिशेब मांडताना असे अडकणे कोणी जमेस धरीत नाही. पुढे मार्ग खुला झाल्यावर दोघे लंडनात भेटले, तो गांधीजीच प्लूरसीने अंथरुणाला खिळले. त्या दिवसांचे चित्र मोठे विलक्षण आहे. एक रोगी दुसऱ्या रोग्याच्या आहाराची काळजी वाहतो आहे! डॉ. जीवराज मेहता औषधपाणी पाहत होते. दूध घ्या, असा गोखल्यांचा आग्रह, गांधीजींचा नकार. ऑक्टोबरचे धुके गोखल्यांना सोसेना, ते स्वदेशी परतले. गांधीजींनाही थंडी मानवेना. इंग्रज अधिकारी रॉबर्ट्स यांनीच त्यांना सुचविले की हिंदुस्थानात गेल्यावाचून तुम्ही पुरते बरे होणार नाही. साहेबाने आपल्या देशाची हवा सोडून जाण्यास सांगावे, हेही परदेशी उपचाराचेच एक प्रकरण म्हणावयाचे! ९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबईस उतरले. गोखले १९ फेब्रुवारीस पुण्यात वारले. वय अवघे ४८.

यानंतर सात वर्षांच्या आत, ११ जानेवारी १९२२ रोजी, कॅनडात टोरांटोच्या इस्पितळात लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचण्यात आली. अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. तो शुद्ध करून २३ तारखेस पुन्हा टोचला, आणि मुलाच्या रक्तातील साखर उतरली. इन्सुलिनने गोखले वाचले असते असे म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. त्यांचे हृदयही थकले होते. पण ज्या रोगासाठी १९१४ साली समुद्र ओलांडणे फुकट होते, त्याच रोगासाठी १९२२ साली टोरांटोला धाव घेणे शहाणपणाचे ठरले असते. दोन्ही वेळी प्रवास लांबचाच, खर्च मोठाच, डॉक्टरांच्या पदव्याही मोठ्याच. म्हणून जो कोणी परदेशी इस्पितळाचे नाव सांगेल त्याला निःसंकोच विचारावे, की तेथे या रोगावर असे कोणते औषध वा कोणती शस्त्रक्रिया आहे, जी मुंबईस नाही? याचे सरळ उत्तर येत नसेल, तर शेत विकण्याची घाई करू नये.

आणि औषध सापडले की ते स्वतःच प्रवासास निघते, हेही विसरू नये. आज इन्सुलिन तालुक्याच्या दुकानात मिळते. एके काळी मोमिनाबाद म्हटल्या जाणाऱ्या आपल्या अंबाजोगाईस १९७४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. याच गावात स्वामीजींनी शाळा चालविली होती. ग्रामीण भागातील आशियातले हे पहिले असे महाविद्यालय, असे आपण अभिमानाने सांगतो. त्याचा अर्थ एवढाच, की बाळंतपण अडले, साप चावला, तर रात्रीतून कोठे जावयाचे याचा खल अंबाजोगाई, केज, परळीच्या लोकांना पूर्वीइतका करावा लागत नाही. आष्टीकराला मात्र अंबाजोगाईहून नगर आजही जवळ आहे. तो तिकडेच जातो. ते आता परराज्य राहिलेले नाही, आणि वाटेत रुपया बदलून घ्यावा लागत नाही.