गिरीज ते सोपारे : एका फेरीचा इतिहास

प्रायश्चित्तकाळातील एका शनिवारी, पहाटेची मिस्सा आटोपून, धर्मग्रामातील सात-आठ तरुणांसह आम्ही गिरीजच्या डोंगराकडे पायी निघालो. वाटेत ओटीवर बसलेल्या एका आजींनी काळजीने विचारले, "फादर, गाडी बिघडली काय?" तरुण हसले, आम्हीही हसलो, परंतु तो प्रश्न दिवसभर आमच्या मनातून गेला नाही. धर्मगुरू पायी चालताना दिसला तर त्याची गाडी बिघडली असावी असे वाटण्याचे दिवस आले आहेत. आमच्या बालपणी असा प्रश्न कोणाला सुचलाच नसता.

त्या दिवशीचा आमचा बेत साधा होता. गिरीजचा डोंगर चढायचा, तेथून भुईगाव, निर्मळ, गास करीत सोपाऱ्याच्या बाजारपेठेत पोहोचायचे आणि उमराळे, वाघोलीवरून पुन्हा गिरीजला यायचे. फेरी एका दिवसाची. परंतु तिच्यात सुमारे तेवीस शतके सामावली आहेत, याचा प्रत्यय चालता चालता येत गेला.

गिरीजचा डोंगर म्हणजे हिरा डोंगर, इतिहासातील वज्रगड. माथ्यावर दत्तात्रेयाचे मंदिर आहे. तेथे उभे राहिले की पश्चिमेस समुद्र आणि केळीच्या वाड्या, पूर्वेस तुंगारेश्वरची रांग, आणि या दोहोंमध्ये दाट वस्ती दिसते. वसई-विरार शहर महानगरपालिका 2009 साली स्थापन झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाखांहून अधिक भरली. तेथेच एका तरुणाने विचारले, "फादर, आपला इतिहास नेमका केव्हा सुरू झाला?" दुसऱ्याने लगेच उत्तर दिले, "1534 साली." गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली ते हे वर्ष. उत्तर पाठ होते. ते कितपत पुरेसे आहे, हे पुढच्या वाटेने सांगावे, असे ठरवून आम्ही डोंगर उतरलो.

भुईगावच्या किनाऱ्याकडे जाताना वाड्यांतील विहिरी लागतात. रहाट आता क्वचितच दिसतो. शिंपणासाठी राखलेली कित्येक बावखले बुजली आहेत. याच भुईगावात 1956 साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक खंड मिळाला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील ब्राह्मी लिपीतील हा लेख सांगतो काय? आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी आणि प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात. ती करावीत, परंतु त्यांचे फळ अल्प. खरे मंगल ते धम्माचे: दास आणि नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर करणे, प्राणिमात्रांविषयी संयम बाळगणे, श्रमण-ब्राह्मणांना दान देणे.

हे ऐकून मंडळी जरा गप्प झाली. गेल्याच महिन्यात आमच्या धर्मग्रामात एक लग्न झाले होते. मंडप, रोषणाई, वाजंत्री कशाचीही उणीव नव्हती. त्या लग्नासाठी वाडीचा एक तुकडा विकला गेला, हे तेथील प्रत्येकास ठाऊक होते. आम्हीच ते लग्न लावले होते आणि आम्हीही तेव्हा काही बोललो नव्हतो. मग भुईगावच्या दगडाने बोलावे, यात नवल ते काय?

निर्मळला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. येथे पवित्र क्रुसाचे चर्च आहे आणि विमलेश्वराचे देवालय. कार्तिक महिन्यात येथे मोठी यात्रा भरते. या ठिकाणी इतिहास सांगताना आमच्यासारख्याने आवाज खाली आणावा हे बरे. पोर्तुगीज अमलात येथील देवालये पाडली गेली. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर, पेशवाईत वसईचे सुभेदार शंकराजी केशव यांनी देवालयाची पुन्हा उभारणी केली. ज्या काळात आमच्या पूर्वजांना श्रद्धेचे दान लाभले, त्याच काळात शेजाऱ्याच्या श्रद्धास्थानावर घाव बसला. यांतली एकच गोष्ट मुलांना सांगणे म्हणजे त्यांना अर्धा इतिहास देणे होय. आम्ही दोन्ही सांगितल्या. चर्चमध्ये थोडा वेळ मौन प्रार्थना केली आणि पुढे निघालो.

गासचे चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मलेला हा भूमिपुत्र मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाचा बंधू झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला. 1862 साली पोप नववे पायस यांनी त्याला संतपद बहाल केले. त्याची कथा सर्वांना ठाऊक होती; म्हणून आम्ही एवढेच म्हटले, की आपल्या गावाची शीव ओलांडून दूर जाण्याचे धैर्य या मातीत पूर्वीपासून आहे. त्याचे मूळ पाहायचे तर सोपाऱ्यातच पाहावे.

सोपारे! रेल्वेने ये-जा करणाऱ्यांना हे नालासोपारा स्थानक आणि त्याभोवतीची गर्दी एवढेच ठाऊक असते. परंतु हेच प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत त्याचे नाव आहे. येथून माल खाडीने बंदरात आणि घाटवाटांनी देशावर जाई. नाणेघाटातील एका पाण्याच्या टाक्यावर ते सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान असल्याचा लेख कोरलेला आहे. आपल्या गावापासून इतक्या दूर, घाट चढून दमलेल्या अनोळखी वाटसरूला पाणी मिळावे, असे या बाजारपेठेतील एका माणसाला वाटले. पुढे खाडी गाळाने भरली, जहाजे येईनाशी झाली. त्या दानाचा लेख मात्र शिल्लक आहे.

सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन 1882 च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग पाषाणाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याचे लहान लहान तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपले होते. सोन्यात जपावी ती भिकाऱ्याची माती. संतांच्या अवशेषांचा मान राखणाऱ्या आपणा कॅथलिकांना हा भक्तिभाव वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा खंड सापडला. त्याचा विषय चक्क फिरणे हा आहे! पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार करीत, मौज करीत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाली तेव्हा अशोक बोधिवृक्षाच्या दर्शनास गेला आणि तेव्हापासून त्याच्या यात्रा धम्मयात्रा झाल्या. श्रमण-ब्राह्मणांना भेटावे, वृद्धांना भेटून मदत करावी, गावोगावच्या लोकांना भेटावे, त्यांच्याशी धम्माविषयी बोलावे, आणि यातच राजाला अधिक आनंद वाटावा.

आणि आता आमची गोष्ट. 1321 च्या एप्रिलमध्ये ठाण्यास चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. ठाण्यात ज्यांनी त्यांना आसरा दिला, ते नेस्तोरियन ख्रिस्ती होते. त्यांचा सहप्रवासी, दोमिनिकन धर्मगुरू जॉर्दानुस, त्या वेळी भडोचकडे गेला होता. वार्ता कळताच तो परतला आणि आपल्या सोबत्यांचे देह त्याने सोपाऱ्यास आणून पुरले. पुढे ओदोरिक या फ्रान्सिस्कनाने त्या अस्थी चीनमधील झैतून बंदरी नेल्या. जॉर्दानुस मात्र एकटाच या किनाऱ्यावर सेवा करीत राहिला. 1329 साली पोप बाविसावे जॉन यांनी त्याला कोल्लमचा बिशप नेमले. 2021 साली त्या हौतात्म्याला 700 वर्षे पूर्ण झाली.

म्हणजे 1534 च्या दोनशेहून अधिक वर्षे आधी, कोणत्याही आरमाराशिवाय, कोणत्याही तहाशिवाय, ख्रिस्ताचे नाव या वाटेने आले होते. ते आले तेव्हा त्याच्या हाती सत्ता नव्हती. खांद्यावर सोबत्यांचे मृतदेह होते. सकाळी ज्याने वर्ष सांगितले होते तो तरुण म्हणाला, "मग आमचे उत्तर चुकले." आम्ही म्हटले, "चुकले नाही. अपुरे होते."

परतताना उमराळ्यापुढे एका घरी पाणी मागितले. घर कोणाचे, कोणत्या समाजाचे, हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनीही आम्हाला विचारले नाही. तांब्याभर पाणी आणि गूळ पुढे आला. गोविंददासाचे टाके अजून आटलेले नाही, एवढे कळले.

वाघोलीवरून गिरीजला पोहोचेतो दिवेलागण झाली होती. आजी ओटीवरच होत्या. आम्ही थांबलो, त्यांच्या शेजारी बसलो. किती महिन्यांत आम्ही या ओटीवर बसलो नव्हतो याचा हिशेब मनात केला आणि लाज वाटली. घराला आशीर्वाद देण्यापुरते येणे वेगळे, बसणे वेगळे. त्यांच्या गुडघ्यांचे दुखणे, मुंबईतल्या मुलाची नोकरी, वाडी विकावी की न विकावी हा घरातला तंटा, सारे त्या सांगत गेल्या. आम्ही ऐकत होतो.

निघताना त्यांनी पुन्हा विचारले, "मग गाडी झाली का नीट?"

"गाडी बरीच आहे, आजी," आम्ही म्हणालो, "पण पुढच्या शनिवारीही पायीच येतो."