ऐंशी रकान्यांत न मावणारी लिपी

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्याच्या पडद्यावर मजकुरासाठी ८० रकाने आणि २५ ओळी होत्या. म्हणजे एकूण २००० घरे, प्रत्येक घरात एक अक्षर. अक्षरांची चित्रे एका रॉम चिपमध्ये कोरलेली असत आणि त्यांची संख्या होती २५६. स्मृतीत प्रत्येक घरासाठी फक्त दोन बाइट : एक अक्षराचा क्रमांक, दुसरा त्याच्या रंगाचा वा ठळकपणाचा. स्मृती महाग असताना ही काटकसर शहाणपणाची होती. पण तिच्यात एक गृहीतक दडले होते : एक अक्षर म्हणजे एक ठसा, आणि सगळे ठसे सारख्याच रुंदीचे.

देवनागरी हे गृहीतक पाळत नाही. ‘मार्मिक’ हा शब्द घ्या. उच्चाराच्या क्रमाने तो म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क असा सात चिन्हांचा. लिहिताना मात्र वेलांटी म-च्या आधी येते आणि र त्याच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. शिवाय शिरोरेघ सलग हवी. आयबीएमच्या मोनोक्रोम पडद्यावर घराची रुंदी ९ ठिपके होती आणि नववा उभा ठिपका एरवी कोराच राही. चौकटी आखण्याच्या चिन्हांना तेवढी त्यातून सूट होती. म्हणजे साधा ठसा बसवला तर शिरोरेघ प्रत्येक घरापाशी तुटणार.

याचे उत्तर आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने दिले. पीसीत हे कार्ड बसवले की वर्डस्टार, डीबेससारखे डॉसवरचे प्रोग्राम भारतीय लिप्या दाखवू लागत. खरी दूरदृष्टी मात्र चित्रांत नव्हती, साठवणीत होती. ‘इस्की’ या संकेतप्रणालीत (भारतीय मानक १३१९४, वर्ष १९९१) शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवायचा, आणि वेलांटी कुठे, रफार कुठे हे पडद्यावर रेखाटताना ठरवायचे, अशी विभागणी होती. क देवनागरीतला असो वा बंगालीतला, त्याचा क्रमांक एकच.

याच्या उलट वाट त्या काळच्या अनेक फॉन्टांनी धरली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर त्यांनी अर्धा क, काना, वेलांटी यांची चित्रे चिकटवली. छपाई सुबक झाली, पण फायलीत भाषा उरली नाही, नुसते तुकडे उरले. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर मराठी लेखाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. त्यात शोध घेता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही. कितीतरी मराठी मजकूर असा कुलपात अडकला. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरून घेतली, म्हणून आज मराठीत शोध घेता येतो.

आज ग्राफिक्स लायब्ररी वापरून कन्सोल बांधणाऱ्याला फ्रीटाइप आकार काढून देते आणि हार्फबझ जोडाक्षरे जुळवून देते. अडते ते जुन्याच जागी : ‘क्ष’ किती रकान्यांचा? प्रोग्राम एक आकडा धरतो, फॉन्ट दुसराच, आणि कर्सर भलत्याच जागी उभा राहतो. लिनक्सच्या मूळ कन्सोलवर तर अजूनही एका वेळी फार तर ५१२ ठसे मावतात. रॉम चिप गेली, पण तिने आखून दिलेले रकाने अजून आहेत.