मिशनच्या शाळेतील इंग्रजीचा तास

मजुरांच्या चळवळीत उमर घालविलेल्या माणसाने मिशनरी शाळांच्या इतिहासावर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची एक सुटी मागितली, त्या मागणीचा माग काढीत गेलो की आपण सत्यशोधक समाजापाशी पोचतो, समाजावरून जोतीराव फुल्यांपाशी, आणि जोतीरावांवरून पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेपाशी. त्या शाळेत इंग्रजी शिकवीत. ते कोणत्या हेतूने शिकवीत आणि मुले त्यातून काय घेऊन गेली, एवढाच आमचा विषय आहे.

हेतूविषयी तर्क करण्याचे कारणच नाही. मिशनऱ्यांनी तो कधी लपविला नाही. १८३० च्या जुलै महिन्यात अलेक्झांडर डफ या तरुण स्कॉच पाद्र्याने कलकत्त्यात चितपूर रस्त्यावरील एका घरात इंग्रजी शाळा उघडली. जागा मिळवून दिली राममोहन रॉय यांनी, आणि पहिली पाच मुलेही त्यांनीच आणून दिली. डफने पहिल्याच दिवशी मुलांच्या हाती बायबलचा भाग ठेवला, तेव्हा कुजबूज सुरू झाली. हे तर ख्रिस्ती शास्त्र, आम्ही कुठे ख्रिस्ती आहो, असे एकाने बोलून दाखविले. राममोहनांनी मुलांची समजूत घातली ती मोठ्या मार्मिकपणे. आपण सारे कुराण वाचले, म्हणून काही मुसलमान झालो नाही. सारे बायबल वाचले, म्हणून ख्रिस्ती झालो नाही. वाचा आणि तुमचे तुम्ही ठरवा, असा त्यांचा आशय होता. त्या घरातला खरा पहिला धडा हाच, आणि तो मास्तरांनी दिलेला नव्हता!

डफची शिकवण्याची रीत मात्र खरोखर नवी होती. घोकंपट्टीला तिथे थारा नव्हता. इंग्रजी शब्द आला की त्याचा अर्थ विचारायचा, अर्थ सांगितला की त्यामागचे कारण विचारायचे. एकदा पाऊस हा शब्द निघाला. पाऊस कुठून येतो? इंद्राच्या हत्तीच्या सोंडेतून, असे एका मुलाने गुरूकडून ऐकलेले सांगितले. डफने त्याला घरच्या भाताच्या हंडीची आठवण दिली. आधणाची वाफ वर जाते, झाकणाला लागून निवते आणि तिचे थेंब होतात. मुलाने हे सारे स्वतः पाहिलेले होते. तो चपापला, हे खरे, तर मग आमच्या शास्त्राचे काय? डफ अर्थात खूष झाला. त्याला हेच हवे होते.

आईबापांची भीती खोटी नव्हती. १८३९ साली मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी भराभर मुले काढून घेतली. पोटचा मुलगा घरातून कायमचा जातो म्हणजे काय, हे आज आपण पुस्तकात वाचतो. त्यांनी ते सोसले.

परंतु प्रश्न विचारायला एकदा शिकविले, की तो कोणाला विचारावा हे मास्तरांच्या हाती राहत नाही. डफनेच हळहळून लिहून ठेवले आहे की, टॉमस पेन याच्या ‘एज ऑफ रीझन’ या बायबलवरील टीकाग्रंथाच्या हजार प्रती अमेरिकेतून एका जहाजाने कलकत्त्याला आल्या. आरंभी रुपयाला मिळणारी प्रत काही महिन्यांत पाचपट किमतीला जाऊ लागली. मिशनचे इंग्रजी आणि पेनचे इंग्रजी एकच की!

आता पुण्याकडे वळू. डफ ज्या स्कॉटलंडच्या चर्चचा, त्याच चर्चकडे १८३५ पासून मुंबई-पुण्याचे मिशनही आले होते. जोतीरावांची मराठी शाळा वडिलांनी मध्येच सोडविली होती. गफ्फार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळविले म्हणून १८४१ साली ते या मिशनच्या शाळेत गेले. इतर जातींचे सोबतीही तिथे भेटले. सदाशिव बल्लाळ गोवंडे हे त्यांतले एक. १८४७ साली जोतीरावांनी वाचला तो पेनचाच ‘राइट्स ऑफ मॅन’. दुसऱ्या वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे काही वर्षे त्यांनी मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेत शिक्षकाचे कामही केले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि मिशनऱ्यांशी भांडलेही नाहीत. कामाची वस्तू घेतली, सोबत आलेले ओझे तिथेच ठेवले.

आम्ही स्वतः इंग्रजी शिकलो ते कामगार न्यायालयाचे निवाडे शब्दकोश उघडून वाचता वाचता. ‘रिट्रेंचमेंट’ हा शब्द अंगावर आला तेव्हाच त्याचा अर्थ कळला. म्हणून १८८२ सालच्या जोतीरावांच्या निवेदनाचे आम्हाला फार अप्रूप. हंटर कमिशनपुढे त्यांनी ते इंग्रजीत मांडले. त्यात मिशनच्या शाळेतील आपल्या नोकरीचा उल्लेख त्यांनी केला आहे, आणि शेतसारा भरतो रयत पण सरकारचा शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणात जातो, हा हिशेब सरकारला त्याच्याच भाषेत विचारला आहे.