एकाच नावाचे दोन ‘डॉल्फिन’: कोणता कशासाठी?

लिनक्सवर ‘डॉल्फिन’ शोधलं की दोन वेगळी सॉफ्टवेअर्स समोर येतात. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही सी प्लस प्लस भाषेत लिहिलेली. पण कामाचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. नवख्यांचा गोंधळ होतो तो इथेच.

पहिला डॉल्फिन : फाइल मॅनेजर

हा केडीई प्रकल्पाचा. पीटर पेन्झ यांनी तो सुरू केला. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आलं आणि डॉल्फिन त्याचा मुख्य फाइल मॅनेजर झाला. त्याआधी हे काम कॉन्करर हा ब्राउझरच करायचा.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना तो का आवडतो? एफ-३ दाबलं की खिडकीचे दोन भाग होतात, इकडची फाइल तिकडे टाकता येते. एफ-४ दाबलं की खाली टर्मिनल उघडतं आणि तुम्ही फोल्डर बदललात की तेही त्याच फोल्डरमध्ये जातं. प्लगइन घातलं तर गिटमधली कोणती फाइल बदलली, हे खुणेवरून कळतं. एसएफटीपीने दूरच्या सर्व्हरवरचं फोल्डरही घरच्यासारखं उघडतं.

दुसरा डॉल्फिन : इम्युलेटर

निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि वी या कन्सोलांचे गेम संगणकावर किंवा अँड्रॉइड फोनवर चालवणारं हे सॉफ्टवेअर. पहिली आवृत्ती २००३ची, सोर्स कोड खुला झाला २००८मध्ये. गेमक्यूब तयार होत असताना त्याचं सांकेतिक नाव ‘डॉल्फिन’ होतं, तेच इथे आलं.

गेमक्यूबचा प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा, वेग ४८५ मेगाहर्ट्झ. आकडा छोटा वाटतो. पण त्याच्या सूचना तुमच्या प्रोसेसरला कळत नाहीत. इम्युलेटर गेम चालू असतानाच त्यांचं भाषांतर करत राहतो. म्हणून जुन्या लॅपटॉपवर गेम अडखळतो. प्रोसेसर आतून कसा चालतो हे शिकायचं असेल, तर हा कोड आणि त्यातला डीबगर म्हणजे चांगली शाळाच.

कायद्याचं काय?

फाइल मॅनेजरबाबत हा प्रश्नच येत नाही. इम्युलेटरसोबत गेम मिळत नाहीत, ते तुम्हालाच आणावे लागतात. कुठल्याही साइटवरून उतरवलेला गेम ही कॉपीराइट असलेल्या वस्तूची नक्कल असते, शिवाय त्यासोबत व्हायरस येण्याची भीती. इम्युलेटरवरही वाद झालाच. २०२३ मध्ये तो स्टीमवर आणायचा बेत होता. निन्टेंडोने अमेरिकी कायद्यातल्या डिजिटल कुलूप तोडण्याविरुद्धच्या कलमाचा आधार घेऊन हरकत घेतली आणि बेत सोडून द्यावा लागला. इम्युलेटर मात्र प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवर मिळत राहिला.

मग घ्यायचा कोणता?

रोज कोड लिहीत असाल तर पहिला; जुने गेम किंवा कन्सोलची रचना समजून घ्यायची असेल तर दुसरा. दोन्ही एकाच मशीनवर सुखाने नांदतात. उबुंटू, डेबियनमध्ये नुसतं ‘डॉल्फिन’ म्हणजे फाइल मॅनेजर. इम्युलेटरच्या पॅकेजला ‘डॉल्फिन-इमू’ म्हणतात. इन्स्टॉल करण्याआधी ही शेपटी तेवढी पाहा. आणि दोन्ही फुकट असल्यामुळे कुणी पैसे मागितले, तर ती साइट लगेच बंद करा.