देवराईचा धनी कोण?

भोर-वेल्ह्याच्या मावळांत एखाद्या म्हाताऱ्यास ‘ही राई कोणाची?’ असें विचारलें, तर तो सरकारचें नांव घेत नाहीं, गांवाचेंही घेत नाहीं. ‘देवीची’ म्हणून मोकळा होतो. वेल्ह्याकडील शिरकोलीची शिरकाई ही अशीच एक धनीण. अशा राईंत कुऱ्हाड चालत नाहीं. जुन्या रिवाजाप्रमाणें वाळली काटकीसुद्धां चुलीकडे जात नाहीं. देवळासाठीं लांकूड हवें झालें, तर आधीं कौल लावावयाचा, आणि देवीनें तो दिला तरच झाडास हात घालावयाचा.

हा निव्वळ भाबडेपणा समजूं नये. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यांतील खटल्यांत १९२५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें देवमूर्ति ही कायद्यानें व्यक्ति मानली. तिचें ठिकाण बदलावयाचें तर तिची इच्छाही पाहावी, आणि ती मांडण्यास निःस्वार्थी तिऱ्हाईत असावा, असें ठरलें. गुरव कौल लावून जें करी, तेंच न्यायाधीशांनीं प्रतिनिधि नेमून केलें, इतकेंच!

पण एक मेख राहिली. व्यक्तित्व मिळालें तें मूर्तीस; भोंवतालच्या झाडांस नाहीं. इंग्रजी अमदानींत सह्याद्रींतील पुष्कळ राया सरकारी वन म्हणून कागदोपत्रीं लागल्या. पुढें पानशेतचें धरण झालें, रस्ते आले, आणि डोंगरांवरील रान कोळशाच्या भट्ट्यांत गेलें. १९७० नंतर वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं या भागांतील राया अभ्यासल्या, तेव्हां कित्येक ठिकाणीं मूळच्या अरण्याचा तेवढाच तुकडा शिल्लक होता.

परदेशांत ही मेख दुसऱ्या बाजूनें काढण्याचा यत्न झाला. इक्वेडोरनें २००८ सालीं निसर्गाचे हक्क राज्यघटनेंतच घातले. न्यूझीलंडनें मार्च २०१७ मध्यें व्हांगानुई नदीस व्यक्ति ठरविलें. तिच्या वतीनें बोलण्यास दोन पालक, एक सरकारचा व एक माओरी लोकांचा. त्याच महिन्यांत उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानें गंगा-यमुनांस तोच मान दिला. परंतु पुरानें नुकसान झाल्यास भरपाई कोणीं द्यावी, असा पेंच राज्य सरकारनें काढला, आणि जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालास स्थगिति दिली.

डिसेंबर २०२४ मध्यें त्याच न्यायालयानें राजस्थानांतील देववनांची मोजणी करून त्यांस वनांचें संरक्षण देण्याचा आदेश दिला. देशभरच्या देवरायांसाठीं धोरण आंखण्याचीही शिफारस केली. राईस व्यक्ति मात्र म्हटलें नाहीं. इकडे सह्याद्रींत अनेक गांवीं जुन्या कौलारू देवळाच्या जागीं सिमेंटचें मोठें देऊळ उभें राहतें, आणि त्याच्या आवारासाठीं राईंतलींच झाडें पडतात. मूर्तीचा वकील न्यायालयांत उभा राहूं शकतो. त्या झाडांच्या बाजूनें कौल मागणारा अजून गुरवच आहे.