सुताराचा रंधा आणि कल्याणची खाडी

इतिहासांत राजांचीं नांवें राहतात, किल्ल्यांचीं राहतात आणि लढायांचीं तर तिथींसह राहतात. परंतु ज्या हत्यारांनीं वाड्यांचे दरवाजे घडविले आणि आरमाराचीं गलबतें उभीं केलीं, त्यांची नोंद बखरकार ठेवीत नाहीं. सुताराचा रंधा हें असेंच एक अबोल हत्यार आहे. ठाणें आणि कल्याण या परिसराचा इतिहास तर या हत्यारावांचून पुरा होणें शक्यच नाहीं. कारण या भूमीला दोन गोष्टी एकाच वेळीं लाभल्या. डोंगरांत सागाचीं रानें आणि दारांत खाडीचें पाणी.

रंध्याची रचना मोठी साधी आहे. लांकडाचा एक ठोकळा, त्यांत तिरपें बसविलेलें पोलादी पातें, पातें घट्ट धरणारी पाचर आणि तळाशीं अरुंद तोंड. पातें किती बाहेर यावें हें तळ ठरवितो; म्हणूनच वाकस जेथें सुताराच्या नजरेवर अवलंबून असतो, तेथें रंधा आपली शिस्त आपल्या अंगांतच घेऊन येतो. रंध्याचा तळ जितका सरळ, तितकीच फळी सरळ. या हत्याराचें वय फार मोठें आहे. इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई शहरांत रोमन सुतारांचे रंधे सांपडले आहेत. आपल्याकडील नांव मात्र फारसींतून आलें. फारसींत ‘रंदीदन’ म्हणजे तासणें, खरवडणें. त्यावरून तिकडे ‘रंदे’, तुर्कींत ‘रेंदे’, हिंदींत ‘रंदा’ आणि मराठींत ‘रंधा’. किनाऱ्यावर माल उतरला तसे शब्दही उतरले.

कल्याणचें बंदर या देवघेवीचें जुनें ठिकाण होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत कल्याणचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथांत भडोचहून इराणच्या आखाताकडे सागवानाचीं लांकडें जात असल्याचें नमूद आहे. पुढें सहाव्या शतकांतील कॉस्मस या लेखकानें कल्याणहून निर्यात होणाऱ्या वस्तूंत पितळ, कापड आणि शिसवीसारख्या काळ्या लांकडाचे ओंडके यांची गणना केली आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांबरोबर तेथील एका लोहाराचें दानही कोरलेलें आहे. लांकूड, लोखंड आणि पाणी यांचा हा त्रिवेणीसंगम म्हणजेच पुढच्या आरमाराचा पाया होय.

सन १६५७ च्या ऑक्टोबर महिन्यांत शिवाजीमहाराजांनीं कल्याण आणि भिवंडी हीं ठाणीं घेतलीं, आणि लवकरच या खाडीच्या कांठीं जहाजबांधणीस आरंभ झाला. १६५९ सालच्या पोर्तुगीज पत्रव्यवहारांत या उद्योगाविषयीं चिंता व्यक्त झालेली आढळते. सुमारें वीस लढाऊ गलबतें बांधून होत आहेत आणि तीं वसईच्या खाडीनें समुद्रांत उतरतील, ही ती चिंता. या कामावर रुइ लैतांव व्हियेगस नांवाचा एक पोर्तुगीज, त्याचा मुलगा व त्यांचे सोबती नेमलेले होते. वसईच्या कप्तानानें त्यांचें मन वळविलें आणि ते सारे काम टाकून निघून गेले.

येथें क्षणभर थांबून विचार करण्याजोगें आहे. परके कारागीर गेल्यानें बांधकाम कायमचें बंद पडतें, तर मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास तेथेंच संपला असता. तसें झालें नाहीं. सहाच वर्षांनीं, १६६५ मध्यें, महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरच्या स्वारीवर गेले. पोर्तुगीज गेले, परंतु किनाऱ्यावर वाकस, करवत आणि रंधा चालविणारे हात उरले होते. व्हियेगसचें नांव कागदांत राहिलें; त्या हातांचीं नांवें राहिलीं नाहींत.

त्या हातांचें कसब कोणत्या जातीचें होतें हें पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या बांधणीवरून कळतें. युरोपांत बहुधा फळ्या एकमेकींस लावून फटींत ताग व डांबर ठोकीत. आपल्या किनाऱ्यावरील कारागीर एका फळीच्या कडेस खांच पाडून दुसरीची कड तींत बसवीत. सांधा बसला कीं नाहीं हें पाहण्याची युक्तीही मोठी मार्मिक होती. एका कडेस तांबडा रंग लावावयाचा, फळ्या जोडावयाच्या आणि पुन्हां वेगळ्या करावयाच्या. जेथें दुसऱ्या फळीवर रंग उमटला तेथें उंचवटा, तेवढाच तासावयाचा. सबंध कडेवर सारखा रंग उमटेपर्यंत हें चाले. अठराव्या शतकांतील इंग्रज प्रवाशांनींही या खांचेच्या सांध्यांची वाखाणणी केली आहे.

हीच परंपरा पुढें मुंबईच्या गोदींत कळसास पोहोंचली. सन १७३६ मध्यें लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजें बांधलीं. त्यांपैकीं १८१७ मध्यें मुंबईस पाण्यांत उतरलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे. त्याचा जीर्णोद्धार २००१ मध्यें पुरा झाला. मलबारी सागाची चिवटाई आणि मुंबईच्या सुतारांचे सांधे, या दोहोंची ती साक्ष आहे. कल्याणच्या गलबतांपैकीं मात्र एकही आज उभें नाहीं.

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. खाडीचा व्यापार रुळांवर गेला, परंतु सुताराचें काम तुटलें नाहीं; उलट डब्यांचे सांगाडे, बांकें, खिडक्या, स्टेशनांचीं छपरें यांनीं तें वाढलें. याच सुमारास हत्यारही पालटलें. अमेरिकेंतील लिओनार्ड बेली यानें बिडाच्या अंगाचा रंधा सिद्ध केला. त्यांत पातें खालींवर करण्यास पाचरेऐवजीं पितळी चाक होतें. १८६९ मध्यें स्टॅन्ले कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला आणि हा नमुना जगभर पसरला. कालांतरानें आपल्याकडील सुतारांच्या पेटींतही तो लांकडी रंध्याशेजारीं येऊन बसला.

नंतरचा काळ या दोघांनाही सारखाच कठीण गेला. १९५५ मध्यें पेरांबूर येथें पोलादी डब्यांचा कारखाना सुरू झाला आणि लांकडी डब्यांचे दिवस भरले. घरांत प्लायवूड आलें. तें कारखान्यांतूनच सपाट होऊन येतें. त्यास रंध्याची गरज नाहीं. जेथें गरज उरली तेथें विजेचें यंत्र आलें. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील जुने वाडे व चाळी पाडल्या जातात तेव्हां सुताराची पेटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते, आणि शंभर वर्षांची वस्तु लोखंडाच्या वजनानें विकली जाते.

अशा रंध्यांचा जीर्णोद्धार करणें हें वरवर पाहतां छंदाचें काम वाटेल. वास्तविक तें इतिहास-संशोधकाचेंच काम आहे. बिडाचा रंधा प्रथम सुटा करून घासलेटांत भिजत ठेवावा लागतो. हातोड्यानें ठोकल्यास बीड तडकतें आणि तें सहजीं सांधत नाहीं. गंज काढण्यास चिंचेचें पाणी किंवा व्हिनेगार पुरतें. परंतु धुवून, पुसून लगेच तेलाचा हात दिला नाहीं, तर खाडीकांठच्या पावसाळी हवेंत एका रात्रींत गंज परत येतो. तळ सरळ करण्यासाठीं त्यावर शिसपेन्सिलीच्या आडव्या रेघा ओढून, जाड कांचेवर पसरलेल्या पॉलिशकागदावर तो घासतात. रेघा जेथें पुसल्या तेथें उंचवटा. जेथें राहिल्या तेथें खळगा. गोदींतील तांबड्या रंगाची युक्तीच येथें पुन्हां भेटते.

पात्याची परीक्षा अधिक कठीण. जुन्या पात्यांत मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर जोडलेला असे; पिढ्यान्‌पिढ्या धार लावतां लावतां तो झिजत जातो, आणि संपला कीं पातें मेलें. यंत्राच्या चाकावर घाईनें घासल्यास पोलाद निळें पडून त्याचें पाणी उतरतें. म्हणून पाण्यांत बुडवीत बुडवीत साधारण पंचवीस अंशांचा उतार द्यावयाचा, मग तेलाच्या दगडावर धार आणावयाची. पात्याची पाठ धारेजवळ आरशासारखी सपाट झाली नाहीं, तर वरची सारी मेहनत व्यर्थ जाते.

लांकडी रंध्यांत मुख्य प्रश्न तोंडाचा. तें झिजून रुंद झालें म्हणजे फळीचे टवके निघूं लागतात. जुने सुतार तेथें कठीण लांकडाची चकती खुबीनें बसवीत. कित्येक रंध्यांत अशा एकाहून अधिक चकत्या दिसतात. त्या काढून नवें लांकूड बसविणें सोपें आहे, पण तसें केल्यानें त्या हत्याराच्या आयुष्यांतील एक प्रकरण पुसलें जातें. अंगठ्यानें पडलेला खळगा, कडेस कोरलेलें मालकाचें अक्षर, डाव्या हाताच्या घामानें काळवंडलेला भाग, हे दोष नव्हेत. ती स्वाक्षरी होय. गंज हा शत्रु आहे, झीज हा दस्तऐवज आहे. हा भेद ज्यास कळला त्यासच या कामाचा अधिकार.

ज्या कारागिरांनीं कल्याणच्या खाडींत गलबतें उतरविलीं त्यांना बखरींत जागा मिळाली नाहीं. त्यांच्या वंशपरंपरेच्या विद्येचा जो कांहीं लिखित भाग उरला आहे, तो अशा हत्यारांच्या अंगावरच लिहिलेला आहे. तो वाचण्यास लिपी शिकावी लागत नाहीं. धार लावलेला रंधा सागाच्या फळीवरून एकदां सरळ न्यावा लागतो. कागदासारखी पातळ, न तुटलेली सालपट वर आली कीं समजावें, जुन्या हातांचें म्हणणें नव्या हातांस पोहोंचलें.